क्रियापद आणि त्याचे शब्दयोगी अव्यय : इंग्रजी लेखनातील एका दोषाची चिकित्सा

प्रास्ताविक :

इतर विषयांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजीतून लिहिलेले शोधनिबंध छपाईस जाण्यापूर्वी एकदा नजरेखालून घालावेत, ही जबाबदारी बहुतेक महाविद्यालयांत इंग्रजी विभागाकडे येते. प्रस्तुत लेखकाकडेही ती आहे. काही वर्षांपूर्वी समाजशास्त्राच्या एका सहकारी प्राध्यापिकेचा ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावरील निबंध अशाच रीतीने तपासावयास आला होता. त्यात 'डिस्कस अबाउट' हा प्रयोग तीन ठिकाणी आणि 'एम्फसाइझ ऑन' हा दोन ठिकाणी होता. पाचही ठिकाणचे शब्दयोगी अव्यय लाल शाईने खोडून निबंध परत केला. अंक छापून आल्यावर त्यांनी तो पुढे ठेवला आणि एका वाक्यावर बोट ठेवून विचारले, "सर, इथे मी उलटंच लिहून बसले आहे ना?" वाक्य होते : 'इनडेटेडनेस रिझल्टेड फ्रॉम मायग्रेशन.' त्यांना म्हणावयाचे होते की कर्जबाजारीपणामुळे स्थलांतर घडते. छापले गेले ते असे की स्थलांतरामुळे कर्जबाजारीपणा येतो.

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि म्हणूनच ते तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटले. शिवाय या विषयात दोन्ही विधाने संभाव्य वाटतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी मजूर कारखान्याच्या हद्दीत जातो, हे जितके खरे तितकेच, हंगामभर घर सोडल्याने नवे कर्ज अंगावर येते, असेही कोणी म्हणू शकेल. त्यामुळे वाचकालाही शंका येण्याचे कारण नव्हते. ज्या पाच जागी लाल शाई सांडली, तेथे अर्थाला धक्का लागलेला नव्हता. ज्या एका जागी निबंधाचे प्रतिपादनच फिरले होते, तेथे टिंबही पडले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. इंग्रजी क्रियापद आणि त्यास जोडून येणारे शब्दयोगी अव्यय यांबाबतचे आपले अध्यापन व परीक्षण दोषांचे वजन चुकीच्या तराजूत करते, असे या लेखाचे म्हणणे आहे.

या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत. त्यांतील 'ऑव्ह' आणि 'ऑफ' हे दोन निरनिराळे शब्द आहेत, हे वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावे. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

दोषाचे मूळ :

'डिस्कस अबाउट' हा प्रयोग दिसला की आपण 'मातृभाषेचा प्रभाव' असे म्हणून मोकळे होतो. या निदानात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच आहे. मराठीत 'चर्चा करणे', 'भर देणे', 'विनंती करणे', 'मागणी करणे', 'प्रवेश करणे', 'हल्ला करणे' अशा रचनांची रेलचेल आहे. यांत क्रिया दाखविण्याचे काम खरे पाहता नाम करते. 'करणे', 'देणे' ही क्रियापदे केवळ त्यास वाहून नेतात. 'आम्ही या प्रश्नावर चर्चा केली' या वाक्यातील 'वर' हा 'चर्चा' या नामाच्या अपेक्षेने आलेला आहे. इंग्रजीतही 'डिस्कशन' हे नाम आले की 'ऑन', 'अबाउट' किंवा 'ऑव्ह' यांपैकी एखादे अव्यय लागतेच. 'डिस्कस' या क्रियापदाला मात्र ते लागत नाही, कारण ते सकर्मक असून आपले कर्म थेट घेते. तात्पर्य, आपला विद्यार्थी जे अव्यय लिहितो ते इंग्रजीच असते आणि पुष्कळदा अचूकही असते. फक्त ते नामाचे असते आणि तो ते क्रियापदाला लावतो.

अशा जोड्या इंग्रजीत शेकड्यांनी सापडतील. 'एम्फसिस ऑन' परंतु नुसते 'एम्फसाइझ', 'रिक्वेस्ट फॉर' हे नाम असता, क्रियापद असता नुसते 'रिक्वेस्ट', 'अटॅक ऑन' हे नाम, 'अटॅक' हे क्रियापद. 'लॅक ऑव्ह', 'डिमांड फॉर', 'व्हिजिट टू', 'आन्सर टू', 'इन्फ्लुअन्स ऑन', 'रिझेम्ब्लन्स टू', 'एन्ट्री इन्टू' या सर्वांतील अव्यय क्रियापदरूप होताच गळून पडते. 'द व्हिलेज लॅक्स ऑव्ह वॉटर' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने 'लॅक ऑव्ह वॉटर' हा शब्दसमूह कोठे तरी वाचलेला असतो. त्याची चूक वाचनातून आलेली आहे, अज्ञानातून नव्हे. ही गोष्ट परीक्षकाच्या ध्यानात येत नाही, याचे वाईट वाटते.

मातृभाषेचे निदान अपुरे कसे, हे पाहण्यास आणखी एक उदाहरण उपयोगी पडेल. मराठीत आपण 'गावाचे वर्णन केले' असे म्हणतो, आणि 'गावाचा उल्लेख केला' असेही म्हणतो. दोन्ही ठिकाणी षष्ठी आहे. मातृभाषेचाच प्रभाव असता, तर विद्यार्थ्याने 'डिस्क्राइब्ड ऑव्ह' आणि 'मेन्शन्ड ऑव्ह' असे लिहावयास हवे होते. प्रत्यक्षात उत्तरपत्रिकांत आढळते ते 'डिस्क्राइब्ड अबाउट' आणि 'मेन्शन्ड अबाउट'. हा 'अबाउट' मराठीतून आलेला नाही. 'टॉक अबाउट', 'राइट अबाउट', 'टेल अबाउट' या इंग्रजीतीलच क्रियापदांच्या साम्यावरून तो उचललेला आहे. बोलण्या-सांगण्याच्या अर्थाची क्रियापदे 'अबाउट' घेतात, असा एक नियम विद्यार्थ्याने आपल्या मनाशी बांधलेला असतो. नियम चुकीचा आहे, परंतु तो बांधण्याची बुद्धी भाषाशिक्षणाला अनुकूलच आहे. 'डिस्कस अबाउट' हा प्रयोग आफ्रिकेतील व आग्नेय आशियातील इंग्रजीतही अभ्यासकांनी नोंदविलेला आहे. त्या लोकांच्या मातृभाषांचा मराठीशी काही संबंध नाही, ही बाबही येथे लक्षणीय ठरते.

याच साम्यप्रवृत्तीतून 'कोप अप विथ' हा आपल्याकडील अत्यंत रूढ प्रयोग निर्माण झाला आहे. रँडॉल्फ क्वर्क, सिडनी ग्रीनबॉम, जेफ्री लीच व यान स्वार्टविक यांच्या १९८५ च्या बृहद्व्याकरणात क्रियापदाच्या अशा जोड्यांचे तीन वर्ग मानले आहेत. एकात क्रियापदास क्रियाविशेषणात्मक शब्द जोडलेला असतो, दुसऱ्यात शब्दयोगी अव्यय, आणि तिसऱ्यात दोन्ही. 'कोप विथ' हे दुसऱ्या वर्गातील आहे. 'कीप अप विथ', 'कॅच अप विथ', 'पुट अप विथ' ही तिसऱ्या वर्गातील मंडळी. यांच्या पंगतीत बसविल्यामुळे 'कोप'च्याही पानात 'अप' वाढला गेला.

'शी' या प्रत्ययाची साक्ष :

मातृभाषेकडून येणारी अडचण खरोखर कोठे आहे, हे पाहावयाचे तर 'शी' या एका प्रत्ययाकडे पाहावे. 'त्याच्याशी सहमत होणे', 'त्याच्याशी तुलना करणे', 'तिच्याशी लग्न करणे', 'वडिलांशी साम्य असणे', 'मित्राशी संपर्क साधणे' या सर्व ठिकाणी मराठीत एकच 'शी' आहे. विद्यार्थी त्याच्या जागी 'विथ' बसवितो. 'अॅग्री विथ' बरोबर येते. 'कम्पेअर विथ'ही बरोबर येते. पुढे 'मॅरीड विथ', 'रिझेम्बल्स विथ' आणि 'कॉन्टॅक्ट विथ हिम' हे चुकते. एकाच युक्तीने दोनदा गुण मिळतात आणि तीनदा जातात. आतून पाहता त्यास या दोहोंत काहीही फरक दिसत नाही. शिक्षकाने 'तसे म्हणत नाहीत' एवढेच सांगितले की इंग्रजी ही लहरी भाषा आहे, असा त्याचा ग्रह होतो, आणि तो फारसा खोटाही नाही.

या बाबतीत तर्काचा आधार शोधू जाणाऱ्यांना यश येत नाही. लॅटिन उपसर्गांतच शब्दयोगी अव्ययाचा अर्थ सामावलेला असतो, म्हणून 'अप्रोच', 'अकम्पनी', 'कम्प्राइज' यांना निराळे अव्यय नको, असे स्पष्टीकरण कधी कधी दिले जाते. ते ऐकावयास गोड आहे. परंतु 'कन्सिस्ट' याही शब्दात तोच उपसर्ग आहे, आणि 'ऑव्ह' शिवाय त्याचे पान हलत नाही.

याद्यांची परंपरा :

आपल्याकडे हा विषय कसा शिकविला जातो? रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाने आपल्या देशातील अनेक पिढ्यांना इंग्रजी शिकविले. त्यांतील पी. सी. रेन हे काही काळ मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते. 'बो जेस्ट' (१९२४) या कादंबरीमुळे पुढे ते कादंबरीकार म्हणून अधिक प्रसिद्धी पावले. या व्याकरणात शब्दयोगी अव्ययांच्या प्रकरणात याद्या आहेत : अमुक नामांपुढे 'फॉर' येते, अमुक विशेषणांपुढे 'टू' येते, अमुक क्रियापदांपुढे 'फ्रॉम' येते. त्यापुढे रिकाम्या जागा भरण्याचे स्वाध्याय. बाजारातील असंख्य मार्गदर्शिकांनी हीच पद्धत उचलली, आणि स्पर्धापरीक्षांच्या प्रश्नपत्रिकांतही ती सुखेनैव नांदत आहे.

या पद्धतीविषयी प्रस्तुत लेखकाचा पहिला आक्षेप असा की, यादीत केवळ अव्यय घेणारे शब्द येतात. अव्यय न घेणाऱ्या क्रियापदांची यादी कोणी देत नाही, आणि चुका तर मुख्यत्वे तेथेच होतात. 'नीड', 'डिझायर' ही 'फॉर' घेणारी नामे म्हणून पाठ झाली की, तेच शब्द क्रियापद होऊन आल्यावर 'फॉर' टाकावयाचे असते, हे विद्यार्थ्याने कोठून जाणावे? दुसरा आक्षेप रिकाम्या जागेवर आहे. कागदावर छापलेली रिकामी जागा 'येथे काही तरी हवे' असेच सुचविते. वर्षानुवर्षे अशा जागा भरलेल्या हाताला जागा रिकामी ठेवण्याची सवय लागत नाही. स्वाध्यायात काही जागा मुद्दाम कोऱ्याच ठेवावयाच्या असतील, तर हा दोष कितीतरी कमी होईल. करून पाहण्यास खर्च काहीच नाही.

याहून निराळा मार्ग अस्तित्वात होता. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजीचे अध्यापन करीत असता त्यांनी सहकाऱ्यांसह एक कोश सिद्ध केला. तो १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुनर्मुद्रित केला. आज जगभर वापरला जाणारा 'अॅडव्हान्स्ड लर्नर्स' कोश तो हाच. परभाषक विद्यार्थ्याला शब्दाचा अर्थ सांगून भागत नाही, तो शब्द वाक्यात कोणत्या साच्याने वावरतो हेही सांगावे लागते, ही त्याच्यामागील दृष्टी. म्हणून प्रत्येक क्रियापदापुढे त्याच्या रचनेचा साचा सांकेतिक खुणेने दिलेला होता. हॉर्नबी यांनी पुढे १९५४ मध्ये या साच्यांवर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. आपल्या ग्रंथालयांत हा कोश असतो. त्यातील अर्थ पाहिला जातो आणि खुणा तशाच राहतात. 'एक्स्प्लेन' या शब्दापुढे 'समथिंग टू समबडी' एवढे पाहिले असते, तर 'एक्स्प्लेन मी द पोएम' हे वाक्य कोणी लिहिले नसते. 'मला कविता समजावून सांगा' यातील 'मला' जसाच्या तसा तेथे जाऊन बसतो, कारण 'गिव्ह मी', 'टेल मी' यांनी त्याला वाट करून दिलेली असते.

अर्थ फिरतो तेव्हा :

आता मूळ मुद्द्याकडे वळू. 'डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम' हे वाक्य वाचून कोणाचाही गैरसमज होत नाही. परंतु इंग्रजीत अशी क्रियापदे आहेत की ज्यांचे अव्यय बदलले की कर्ता-कर्माची, किंबहुना कार्यकारणाचीच अदलाबदल होते. प्रास्ताविकातील 'रिझल्ट' हे त्यांतील अग्रगण्य. 'रिझल्ट इन' पुढे कार्य येते, 'रिझल्ट फ्रॉम' पुढे कारण. मराठीत 'मुळे' हा शब्द कारणाला घट्ट चिकटून असतो, वाक्यात तो कोठेही हलविला तरी कारण कोणते हे कळते. इंग्रजीत ती सर्व जबाबदारी दोन-चार अक्षरांच्या एका अव्ययावर आणि शब्दक्रमावर पडते. विज्ञान, अर्थशास्त्र, समाजशास्त्र या विषयांचे सगळे प्रतिपादन कार्यकारणावर उभे असते. तेथे ही चूक केवळ भाषेची राहत नाही.

'सब्स्टिट्यूट' याचा प्रकार आणखी फसवा आहे. गृहविज्ञानाच्या निबंधात 'साखरेऐवजी गूळ वापरावा' असे सांगावयाचे आहे. मराठी शब्दक्रमाने विद्यार्थिनी लिहिते, 'सब्स्टिट्यूट शुगर फॉर जॅगरी.' याचा रूढ इंग्रजी अर्थ होतो, गुळाऐवजी साखर वापरावी. मधुमेहावरील लेखात हे वाक्य गेले तर काय होईल, ते सांगावयास नको. येथे 'फॉर' पुढे येते ती काढून टाकावयाची वस्तू. 'विथ' वापरले तर उलट घडते, त्यापुढे नवी वस्तू येते. 'रिप्लेस शुगर विथ जॅगरी' हे लिहिणे अशा वेळी अधिक सुरक्षित, असे प्रस्तुत लेखक सहकाऱ्यांना सुचवितो.

काही ठिकाणी अर्थ उलटत नाही, परंतु निराळा होतो. 'सर्च द हाउस' म्हणजे घराची झडती घेणे, 'सर्च फॉर द हाउस' म्हणजे घर शोधणे. 'अटेंड अ मीटिंग' म्हणजे सभेस उपस्थित राहणे, 'अटेंड टू अ मॅटर' म्हणजे एखाद्या कामात लक्ष घालणे. 'एन्टर' खोलीत शिरताना एकटे जाते, करार करावयाचा असता मात्र 'इन्टू' ला बरोबर नेते. 'अप्रूव्ह' म्हणजे मंजूर करणे आणि 'अप्रूव्ह ऑव्ह' म्हणजे एखादी गोष्ट योग्य वाटणे, पसंत असणे. 'प्राचार्यांनी माझी रजा मंजूर केली' हे सांगताना 'अप्रूव्ह्ड ऑव्ह माय लीव्ह' असे लिहिले, तर प्राचार्यांना ती रजा आवडली एवढेच त्यातून निघते. मंजुरीचा प्रश्न अनिर्णितच राहतो.

'ऑव्ह' आणि 'ऑफ' यांचा घोटाळा आपल्या लिपीनेही वाढविला आहे. मराठी मार्गदर्शिकांत दोन्ही शब्दांचा उच्चार सर्रास 'ऑफ' असा छापलेला असतो. त्यामुळे 'डिस्पोज्ड ऑव्ह' या जागी 'डिस्पोज्ड ऑफ' असे लिहिले जाते, आणि शिकल्या-सवरल्या माणसांच्या अर्जांत व कार्यालयीन पत्रांतही ते दिसते. याचिका 'निकाली निघाली' या अर्थी 'ऑव्ह' हवे, दोन 'एफ'चे 'ऑफ' नव्हे. अर्थात येथे अर्थहानी होत नाही, म्हणून हा दोष पहिल्या प्रतीचा मानण्याचे कारण नाही.

प्रमाण कोणाचे? :

दोषांची अशी प्रतवारी करू लागले की एक प्रश्न उपस्थित होतो. जो प्रयोग लाखो भारतीय करतात आणि ज्याने अर्थ बिघडत नाही, त्याला दोष म्हणावयाचे की भारतीय इंग्रजीचे वैशिष्ट्य? पारू निहलानी, आर. के. टोंग व प्रिया होसाली यांनी १९७९ मध्येच भारतीय व ब्रिटिश इंग्रजीतील प्रयोगभेदांची पुस्तिका सिद्ध केली होती. ब्रज काचरू यांचे भारतीयीकरणावरील पुस्तक १९८३ चे. पुढे १९९० व १९९१ मध्ये 'इंग्लिश टुडे' या नियतकालिकात क्वर्क आणि काचरू यांचा प्रसिद्ध वाद झाला. परभाषक देशांत शिक्षकांनी एकाच प्रमाणाचा आग्रह धरावा, अशी क्वर्क यांची बाजू होती. इंग्रजीची अनेक केंद्रे आता अस्तित्वात आहेत आणि त्यांचे प्रयोग ही न्यूनता नव्हे, असे काचरू यांचे उत्तर होते.

प्रमाण स्वतः स्थिर नाही, हेही विसरता येत नाही. ब्रिटनमध्ये निर्णयाविरुद्ध 'प्रोटेस्ट अगेन्स्ट' करतात, अमेरिकेत थेट निर्णयालाच 'प्रोटेस्ट' करतात. अमेरिकन माणूस 'राइट मी' म्हणतो, ब्रिटिश माणसाला त्यात 'टू' ची उणीव भासते. 'इज कम्प्राइज्ड ऑव्ह' हा प्रयोग शुद्धिवाद्यांनी किती झोडपला, तरी तो अठराव्या शतकापासून आढळतो, आणि परभाषकांसाठीच्या ऑक्सफर्ड कोशात आज त्याची नोंद आहे. मात्र आपल्या शोधनिबंधांत आढळणारे 'द सॅम्पल कम्प्राइझेस ऑव्ह १०० रिस्पॉन्डंट्स' हे त्याहून निराळे आहे. हे कर्तरी रूप 'कन्सिस्ट्स ऑव्ह' वरून घडलेले आहे आणि त्यास प्रमाण इंग्रजीत अद्याप जागा मिळालेली नाही.

प्रस्तुत लेखकाला काचरूंची भूमिका सैद्धान्तिकदृष्ट्या पटते. तरीही 'डिस्कस अबाउट' खोडण्याचे तो थांबवीत नाही. निबंध परदेशी नियतकालिकाकडे गेला की तेथील परीक्षक या एका प्रयोगावरून लेखकाच्या संशोधनाविषयी मत बनवून टाकतात, आणि ग्रामीण भागातील आपल्या सहकाऱ्यांना ही किंमत परवडण्यासारखी नाही. हे न्याय्य आहे असे नाही. परंतु खोडताना त्या दोषास किती गुण कापावयाचे, हे आपल्या हाती आहे. पदवी वर्गाच्या उत्तरपत्रिकेत 'डिस्कस्ड अबाउट' आणि 'रिझल्टेड फ्रॉम' च्या जागी 'रिझल्टेड इन' या दोन चुकांना सारखाच अर्धा गुण कापणे, किंवा दुसरीकडे लक्षच न जाणे, हे मूल्यमापन म्हणता येणार नाही. संगणकावरील व्याकरण-तपासनीसही पहिल्या चुकीखाली रेघ ओढतो. दुसरीखाली त्याने रेघ ओढावी अशी अपेक्षा कशी करणार? लेखकाला काय म्हणावयाचे होते, हे त्याला ठाऊक नसते.

त्या प्राध्यापिकेच्या निबंधाचे पुढे शुद्धिपत्र काढावे लागले. आता निबंध तपासावयास आला की प्रस्तुत लेखक लाल शाई बाजूला ठेवतो. कार्यकारण दाखविणाऱ्या प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून तो लेखकाला समोर बसवितो आणि विचारतो, "हे मराठीत सांगा बरं." पाच-सहा निबंधांमागे एखाद्यात तरी 'मुळे' हा शब्द वाक्याच्या दुसऱ्या टोकाला निघतो. 'अबाउट' खोडण्याचे काम त्यानंतर, चहा येईपर्यंत उरकते.